साक्षीपट्टी

सबनीसांनी चारचौघांत तृप्ती डांगेचं कौतुक केलं, तेव्हाच तिला कळलं की हे महागात पडणार. पंधरा वर्षांत हा माणूस तिच्याबद्दल एक चांगला शब्द बोलला नव्हता. आणि आज तो सगळ्या केंद्रासमोर, हातात कंदी पेढ्यांचा खोका घेऊन म्हणत होता, "डांगेबाईंनी आम्हाला फार छळलं. पण आज आपण छातीठोकपणे बोलू शकतोय ते त्यांच्या त्या एका पट्टीमुळे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. तृप्ती हसली, कारण अशा वेळी हसावंच लागतं. मग फोन आल्याचं निमित्त करून ती बाहेर व्हरांड्यात आली आणि कठड्याला धरून उभी राहिली.

साताऱ्याच्या वर, पवनचक्क्यांच्या पठारावर हे अवकाश संशोधन केंद्र बांधलं होतं ते इथली हवा स्वच्छ म्हणून. पण एवढ्या स्वच्छ हवेत माणसं मात्र एकमेकांना पाण्यात पाहत होती. डॉ. मकरंद सबनीस मोहिमेचे प्रमुख. तृप्ती शुद्धता विभागाची प्रमुख, म्हणजे यानाला आणि नमुन्याला पृथ्वीवरची घाण लागू नये हे बघणारी. दोघांमधून विस्तव जात नव्हता. कँटीनमध्येसुद्धा लोक आधी बघायचे की सबनीस कुठल्या टेबलावर आहेत आणि बाई कुठल्या, आणि मग आपली थाळी उचलायचे.

भांडणाचं मूळ होतं अकरा ग्रॅम.

'वेचणी' ही मोहीम सबनीसांची, म्हणजे त्यांनी ती पहिल्या कागदापासून आखलेली. बापट–ओल्सेन नावाचा एक लहानसा धूमकेतू दर सहा वर्षांनी सूर्याजवळ येऊन जातो. त्याच्यावर यान न्यायचं, चिमूटभर धूळ उचलायची, डबीत बंद करायची आणि डबी पृथ्वीवर परत आणायची. धूमकेतूचीच धूळ का, तर ती सूर्यमाला जन्मल्यापासून गारठ्यात जशीच्या तशी पडून आहे. आपल्याकडचे दगड वितळले, झिजले, पुन्हा घडले. पृथ्वीवर जीव निर्माण व्हायच्या आधीचा कच्चा माल बघायचा असेल तर असल्याच जागी जावं लागतं.

जाणं एक वेळ जमतं, परत येणं अवघड. धूमकेतूवरून एक ग्रॅम माघारी आणायचं तर तो ढकलायला इंधन लागतं. ते इंधन तिथवर न्यायला आणखी इंधन, आणि हे सगळं जमिनीवरून उचलायला त्याच्या कित्येक पट. म्हणून अशी मोहीम आखणारा माणूस झोपेतही ग्रॅमच मोजत असतो. सबनीसांनी स्क्रूंची डोकी तासून घेतली होती. डबीवर रंगात लिहायचं देशाचं नाव त्यांनी कोरून घेतलं, कारण रंगाला वजन असतं. आणि अशा माणसासमोर उभी राहून ही बाई अकरा ग्रॅम मागत होती, तेही धूमकेतूवरचं काहीही न आणण्यासाठी.

तिला साक्षीपट्टी हवी होती. नखाएवढी नीलमण्याची पट्टी, डबीत नमुन्याच्या शेजारी वेगळ्या कप्प्यात बसवलेली. तिला तीच हवा लागणार, तीच निर्वात पोकळी, तीच उष्णता. फक्त धूमकेतूची धूळ तिला शिवणार नाही. मग परत आल्यावर हिशेब सोपा. एखादा पदार्थ धुळीतही आहे आणि पट्टीवरही आहे, तर तो आपलाच, इथून गेलेला. धुळीत आहे आणि पट्टीवर नाही, तर तो तिकडचा. आणि म्हणूनच या पट्टीचा एकच नियम: तिला कधीही पुसायचं नाही. डाग पडला तर फोटो काढायचा, नोंद करायची आणि डागासकट पाठवून द्यायची. तृप्ती हे नव्या लोकांना पहिल्याच दिवशी शिकवायची. साक्षीदाराला आंघोळ घालायची नसते, असं म्हणायची.

"डांगेबाई, मी धूमकेतू आणायला चाललोय, तुमचा केर नव्हे," असं सबनीस भर बैठकीत म्हणाले होते. लोक खदाखदा हसले होते.

तृप्ती त्यांच्या डोक्यावरून थेट परीक्षण समितीकडे गेली आणि अकरा ग्रॅम घेऊन आली. त्यासाठी सबनीसांना एक छोटा कॅमेरा काढून टाकावा लागला. कॅमेरा त्यांनी स्वतः बनवलेला होता. त्या दिवसापासून ते तिला नावाने हाक मारीनासे झाले आणि प्रत्येक बैठकीत त्या अकरा ग्रॅमवर घसरू लागले. यान उडायला आठवडा उरला तरी ते समितीला लिहीतच होते की पट्टीत काही खोट निघाली तर ती काढून टाकायची परवानगी द्या. समितीने कंटाळून दिली.

आता नऊ वर्षांनी डबी वाळवंटात सुखरूप उतरली होती. आत जवळपास तीन ग्रॅम धूळ. आणि त्यातल्या एका कणात, वाळूच्या दाण्याहून लहान अशा एका काळ्या कणात, प्रयोगशाळेतल्या शबाना मुल्लाच्या यंत्राने ती वस्तू पकडली होती जिच्यासाठी पेढे आले.

अमिनो आम्लं म्हणजे प्रथिनांच्या सुट्या कड्या. त्या अवकाशातल्या दगडांत यापूर्वीही सापडल्या आहेत, त्यात नवल उरलेलं नाही. शबानाला सापडली ती कड्यांची साखळी होती, एकीत एक अडकवलेल्या पाच कड्या. बाकीच्या धुळीत तशी दुसरी नव्हती. सुटी अक्षरं आणि शब्द यांत जेवढा फरक आहे तेवढाच हा. कोणीतरी, किंवा कशानेतरी, जीव नसलेल्या जागी शब्द जुळवायला घेतला होता.

"सर, साखळी आहे एवढंच मला वजनावरून कळतंय," शबाना म्हणाली होती. "कोणती कडी कोणत्या जागी, ते वाचावं लागेल. आणि माल इतका थोडा आहे की एकदाच काहीतरी करता येईल. एक तर मी क्रम वाचते, एकेक कडी तोडत. नाही तर सगळं जाळून त्यातला कार्बन तोलते. अर्धं अर्धं करून दोन्हीतलं काहीच हाती लागणार नाही."

कार्बन तोलायचा कशाला, तर कार्बन दोन प्रकारचा असतो, एक हलका आणि एक किंचित जड. पृथ्वीवरच्या जिवांत हलक्याचाच भरणा, धूमकेतूत जड बराच जास्त. म्हणजे जाळलं तर साखळी कुठली ते कळेल, पण ती काय होती ते कायमचं जाईल. वाचलं तर काय होती ते कळेल, पण कुठली याचा पुरावा राहणार नाही. माणसाच्या एका शिंकेत असल्या साखळ्या मोजता येणार नाहीत इतक्या असतात.

"कुठली हा प्रश्नच नाही," सबनीस म्हणाले होते. "पट्टी कोरी करकरीत आहे. शबाना, तू गुरुवारी वाच. डांगेबाई, तुम्ही पट्टीचा दाखला सही करून द्या. जग तुमची सही मानतं."

व्हरांड्यात कठडा धरून उभ्या असलेल्या तृप्तीला सगळं आठवलं. खरं तर ती ते कधी विसरलीच नव्हती, फक्त त्या दिशेने बघायचं टाळत आली होती.

डबी बंद करायच्या दिवशी ती पांढऱ्या पोशाखात काचेच्या आतल्या बाजूला होती. बाहेर पन्नास माणसं, सबनीस सर्वांत पुढे. तिने दिवा तिरपा धरून पट्टी पाहिली आणि कोपऱ्यात तिला डाग दिसला. तिळाएवढा, पुसटसा, तेलकट. नियम तिला पाठ होता. फोटो, नोंद, बस. तेवढ्यात स्पीकरवर सबनीसांचा आवाज आला, "काय बाई, सापडली का काही घाण? की आम्ही वाटच बघत बसायचं?" आणि पन्नास माणसं हसली.

डाग लिहिला असता तर ते पट्टी काढून टाकणार होते. शिवाय तो डाग तिच्या विभागाचा ठरला असता आणि हा माणूस पुढची नऊ वर्षं तो डाग सांगत हिंडला असता. तिने काचेकडे पाठ केली, अल्कोहोलचा बोळा घेतला आणि पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसली. तीन सेकंद लागले. मग तिने लिहिलं, 'पट्टी निर्दोष. स्पर्श केलेला नाही.' आणि खाली सही.

पेढे वाटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती उमेशशी बोलली. उमेश तिचा नवरा, साताऱ्यात कॉलेजात इतिहास शिकवायचा. त्याने चहाचा कप हातातच ठेवून सगळं ऐकलं.

"ओट्यावर चहाचं वर्तुळ उमटलं म्हणून वीस वर्षं तू माझा उद्धार केलास," तो म्हणाला. "आणि स्वतः नको तिथे फडकं मारून आलीस." त्याला हसू आलं, पण तिचा चेहरा बघून ते विरलं. "कोणी पाहिलं होतं?"

"कोणीच नाही."

"मग?"

"सही केली तर सबनीस जिंकतो. आणि सांगितलं तर बुडतो. रात्रभर मी काय बघत होते सांगू? हे ऐकताना त्याचा चेहरा कसा होईल ते. मला गंमत वाटत होती उमेश. मला खरं बोलायचंय की त्याला बुडवायचंय, तेच कळत नाहीये."

"तो बुडाला तर तूही बुडशील."

"माहीत आहे. तरी गंमत वाटत होती."

उमेशने कप खाली ठेवला. "सूड म्हणून सांगितलंस तरी पट्टी पुसलेली ती पुसलेलीच," तो म्हणाला. "तुझं मन कसं आहे त्याचा तिला काय फरक पडतो?"

बुधवारी ती आधी शबानाकडे गेली. शबाना तिची मैत्रीण होती, या पठारावरची एकुलती एक. ईदला शीरखुर्मा तृप्तीच्या घरी यायचा, आणि दिवाळीला चकल्या करायला शबाना स्वतः येऊन बसायची. क्रम वाचणारं ते यंत्र तिने आठ वर्षं खपून उभं केलं होतं. जगात तसं दुसरं नव्हतं.

ऐकून झाल्यावर शबानाने यंत्राच्या झाकणावर हात ठेवला.

"एक दिवस थांबायचंस," ती म्हणाली. "उद्या वाचून झालं असतं. परवा सांगायचंस."

"परवा सांगून काय उपयोग? साखळी माझ्या हातमोज्यातली निघाली असती तर?"

"क्रम बघून ओळखलं असतं मी."

"पाच कड्यांचा कुठलाही क्रम घे, पृथ्वीवरच्या कुठल्या ना कुठल्या जिवात तो सापडतोच. हे तूच मला शिकवलंयस."

"हो, शिकवलंय!" शबाना ओरडली. तृप्तीने तिचा चढलेला आवाज पहिल्यांदाच ऐकला. "पण काहीतरी हाती आलं असतं! आठ वर्षं, तृप्ती. माझे अब्बा गेले तेव्हा मी इथे होते, या मशिनपाशी. आणि तू काय केलंस? त्या माणसाने तुला चिडवलं म्हणून फडकं फिरवलंस. आता जा आणि सांग त्याला. माझ्यासमोर सांग. मला बघायचंय."

सबनीसांच्या खोलीत तिघं बसले. तृप्तीने उभ्यानेच सांगितलं. जे बघायला ती आसुसली होती ते घडलं नाही, कारण सबनीसांना हसूच आलं.

"छान," ते म्हणाले. "पंधरा वर्षं वाट पाहिलीत आणि मुहूर्त बरोबर साधलात. मी नाही विश्वास ठेवत."

"मी माझ्याविरुद्ध बोलतेय, सर."

"तुम्ही माझ्याविरुद्ध बोलताय. त्यासाठी स्वतःचं नाक कापायची तुमची तयारी आहे, एवढंच. तुम्ही माणूस म्हणून कशा आहात ते मला ठाऊक आहे, पण कागदावर तुम्ही आजवर एक रेघ खोटी ओढलेली नाही. तुमच्यावर माझा काडीचा भरवसा नाही. तुमच्या सहीवर आहे. ती म्हणते, स्पर्श केलेला नाही."

तृप्तीला रडू यायला लागलं आणि त्याचाच तिला भयंकर राग आला. खोटं लिहून नऊ वर्षं ती खरी ठरत आली होती, आणि आता खरं बोलत होती तर खोटी ठरत होती.

"तुमचा डिंक," ती म्हणाली.

"काय?"

"डबीच्या झाकणाला तुम्ही जो डिंक वापरलात, तो वजनाला हलका म्हणून तुम्ही हट्टाने घेतलात. तापवला की त्याची वाफ होते. उड्डाणाच्या महिनाभर आधी डबी पोकळीत तापवली, तेव्हा ती वाफ डबीत सगळीकडे बसली. मी तेव्हाच तक्रार केली होती. ती वाफ डबीच्या भिंतीवर आहे. पट्टीवरही असायला हवी, पट्टी तेव्हा आतच होती. भिंतीपासून चार मिलिमीटरवर."

"शबाना?" सबनीस म्हणाले.

शबानाने पडद्यावर दोन आलेख शेजारी शेजारी उघडले. डबीच्या भिंतीवर डिंकाचा सुळका छतापर्यंत गेला होता. ती आपली ओळखीची घाण म्हणून सगळ्यांनी तो वगळून टाकला होता. पट्टीच्या आलेखात त्याच जागी रेघ सपाट होती. पट्टीवर फक्त साखळी आहे का, एवढंच आजवर पाहिलं गेलं होतं. पट्टी नको इतकी स्वच्छ आहे, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

सबनीस ते आलेख बघत राहिले. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. तृप्तीला वाटणारी गंमत कुठे गेली ते तिलाच कळलं नाही. समोर एक म्हातारा माणूस होता आणि तो डोळ्यांवरचा चष्मा काढून पुन्हा घालत होता.

"डाग लिहिला का नाहीत?" त्यांनी विचारलं.

"लिहिला असता तर तुम्ही पट्टी काढून टाकली असती."

त्यांनी आलेखांवरून नजर काढली. मग म्हणाले, "हो. काढलीच असती."

"सर," शबाना घाईने म्हणाली, "हे आपल्या तिघांतच आहे. उद्या मी वाचते. जग क्रम तरी बघेल. कुठला ते पुढच्या मोहिमेत ठरू दे ना. प्लीज सर."

"तिघांत आणि त्यांच्या नवऱ्यात," सबनीस म्हणाले. तृप्ती चमकली. "सांगितलं असणारच तुम्ही. शबाना, मी जगाला काय सांगू? आम्हाला एक शब्द सापडला, तो आकाशातून पडलाय की या बाईंच्या बाहीतून, ते ठाऊक नाही, पण वाचायला छान आहे? कुठला ते आधी कळायला हवं. जाळ."

"सर..."

"जाळ म्हणतोय ना मी!" त्यांनी टेबलावर हात आपटला. मग तृप्तीकडे न बघता म्हणाले, "तुम्ही जा इथून. तुमच्याकडे बघवत नाही मला."

जाळायला शुक्रवार सकाळ उजाडली. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली. त्यातली जळण्याची दोनच, बाकी वायू गाळून तोलण्याची. तृप्तीला आत यायची बंदी होती. ती काचेबाहेर, जिथे एके काळी सबनीस उभे होते तिथे उभी राहिली. मनातल्या मनात ती एकच मागणं मागत होती. साखळी इथली निघू दे. घाण निघू दे, माझ्या बाहीतली निघू दे. मग काही गमावलंय असं होणार नाही. मग मी नुसती चुकलेली ठरेन.

पडद्यावर आकडा उमटला. जड कार्बन पृथ्वीवरच्या कुठल्याही जिवात असतो त्याहून कितीतरी जास्त. एवढा जड कार्बन असलेलं काही इथे जन्माला येत नाही. साखळी धूमकेतूवरचीच होती.

मागे उभे असलेले लोक ओरडले, कोणी कोणाला मिठ्या मारल्या. काचेच्या आत मात्र कोणी हाललं नाही. शबानाने एकेक करून यंत्राची बटणं बंद केली, झाकण लावलं, पर्स घेतली. बाहेर येताना ती सबनीसांना म्हणाली, "अभिनंदन, सर." तृप्तीच्या बाजूने जाताना ती थांबली नाही. पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या देशातल्या एका प्रयोगशाळेत रुजू झाली. तृप्तीने पाठवलेले निरोप तिने वाचले, हे फोनवर दिसायचं. उत्तर एकदाही आलं नाही.

जगाचं निराळंच चाललं होतं. सबनीसांनी पत्रकारांना सगळं खरं सांगितलं, एक अक्षर लपवलं नाही, आणि त्याचा परिणाम भलताच झाला. वर्तमानपत्रांनी तृप्तीला डोक्यावर घेतलं. स्वतःची चूक जगासमोर मांडणारी शास्त्रज्ञ! पुण्याच्या एका संस्थेने शाल-श्रीफळाचं पत्र धाडलं. एका मासिकाने मुखपृष्ठावर तिचा फोटो छापला, तोही हसतानाचा. साखळी तिकडची आहे हे सिद्ध झालं, आणखी काय हवं, असं जो तो म्हणत होता. त्या साखळीत काय लिहिलेलं होतं हे विचारायचं कोणाला सुचत नव्हतं.

तृप्ती राजीनामा घेऊन सबनीसांकडे गेली. त्यांनी तो वाचला आणि परत तिच्याकडे सरकवला.

"नाही घेत."

"मला इथे राहायचं नाही."

"ते मला दिसतंय. म्हणूनच घेत नाही." त्यांचा आवाज शांत होता, आणि तो चढला असता तर बरं झालं असतं असं तृप्तीला वाटलं. "दुसरी मोहीम आखायला घेतलीय मी. आखून, उडवून, परत यायला सतरा वर्षं. मी तेव्हा चौऱ्याऐंशीचा, म्हणजे बहुधा नसेनच. तुम्ही असाल. शुद्धता विभाग तुम्हीच बघायचा. ज्याच्या हातून अजून काही घडलेलं नाही असा हुशार माणूस मला नकोय. डाग दिसला की ज्याला धडकी भरेल असा माणूस हवाय."

"तुम्ही मला माफ केलंत का?"

"मुळीच नाही. तुमचा आवाज ऐकला तरी माझ्या डोक्यात तिडीक जाते." त्यांनी एक कागद काढला. "आणि आणखी एक काम. केंद्र लोकांना बघायला खुलं होतंय, दर शनिवारी. माणसं येतील, कधी ना कधी खरा प्रश्न विचारतील. 'ते काय होतं?' प्रत्येकाला मी तुमच्याकडे पाठवणार. उत्तर तुम्ही द्यायचं, स्वतःच्या तोंडाने, दर शनिवारी. मी पलीकडे उभा राहून ऐकणार आहे."

तृप्तीने राजीनामा फाडला. खरं तर ती तो त्यांच्या तोंडावर फेकणार होती. पण ते म्हणत होते ते अन्यायाचं नाही, हे तिला मनातून कळत होतं. आणि ते सांगणारा हाच माणूस असावा, याचा संताप तिला जन्मभर पुरणार होता.

पहिल्या शनिवारी शाळेची सहल आली, एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं, पवनचक्क्या बघायला आलेले दोन-चार जण सहज म्हणून आत डोकावले. त्यांनी डबीबरोबर फोटो काढले. त्या रिकाम्या डबीत काय होतं हे कोणी विचारलं नाही. बारा वाजेपर्यंत तृप्तीला वाटायला लागलं होतं की सबनीसांचा बेत फसणार.

दुपारी हणमंत शिंगटे नावाचे एक गृहस्थ आले. कोरेगावचे, वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले, वय पंचाहत्तरीच्या पुढे. दोन एसट्या बदलून, पठाराचा चढ पायी चढून आले होते. त्यांनी भिंतीवरचा प्रत्येक तक्ता बोट लावून वाचला. मग टोपी काढून हातात घेतली आणि तृप्तीसमोर येऊन उभे राहिले.

"बाई, मी पेपरात वाचलं. समदं वाचलं," ते म्हणाले. "वरनं आलं ते खरं, हे उमगलं मला. पर ते व्हतं काय?"

काचेपलीकडे सबनीस हाताची घडी घालून उभे होते.

"माहीत नाही," तृप्ती म्हणाली. "पाच कड्यांची एक साखळी होती. ती वाचता आली असती. पण ती कुठली ते ठरवायला आम्हाला ती जाळावी लागली."

"जाळाय का लागली?"

"मी एक पट्टी पुसली होती म्हणून. ती पुसायची नसते. मी पुसली नसती तर जाळायची गरज पडली नसती. ते काय होतं, ते आज तुम्हाला सांगितलं असतं."

म्हाताऱ्यांनी मान हलवली. समजून घ्यायचा प्रयत्न ते मनापासून करत होते. चिडलेले नव्हते.

"मंग पुसली कशापायी तुमी?" त्यांनी विचारलं.

तृप्तीने काचेकडे बोट केलं. "ते तिथे उभे आहेत ना, त्यांना माझी चूक दिसू नये म्हणून."

शिंगट्यांनी मागे वळून सबनीसांकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. मग पुन्हा एकदा सबनीसांकडे.

"एवढ्यापायी?" ते म्हणाले.

"एवढ्यासाठीच," तृप्ती म्हणाली.

काचेपलीकडच्या माणसाने हाताची घडी सोडली आणि मान खाली घातली.